वाचकांचे प्रश्न : ओंडका डेकवरून आऱ्यापर्यंत, हात न लावता

लाकूड गिरणीत ओंडक्यांची हाताळणी आणि वाहतूक आपोआप व्हावी यासाठी धडपडणाऱ्या वाचकांचे आठ प्रश्न या वेळी घेतले आहेत. उत्तरांत हिशोब मुद्दाम सोडवून दाखवले आहेत. त्यात आपल्या गिरणीची मापे घालून पाहा.

प्रश्न : लोडर ओंडके आणून डेकवर, म्हणजे ओंडके ठेवायच्या ओट्यावर, टाकतो. तिथून दोन माणसे पहारीने एकेक ओंडका चेनवर लोटतात. हे काम यंत्राकडे द्यायचे आहे. आधी थ्रीडी स्कॅनर बसवा, बाकीचे मागाहून बघू, असा सल्ला मिळाला आहे. सुरुवात तिथूनच करावी का?

उत्तर : नाही. सुरुवात डेकच्या तोंडापाशी करा. ढिगातून एका वेळी एकच ओंडका सुटा होऊन चेनवर येणे हा या सगळ्या साखळीचा पाया आहे. दोन ओंडके एकमेकांवर चढून आले, तर स्कॅनरला तो एकच जाड ओंडका दिसतो. घनफळ व्यासाच्या वर्गावर अवलंबून असते. २५ सेंटिमीटरच्या ओंडक्याचा व्यास १ सेंटिमीटरने चुकला, तरी घनफळ ८ टक्क्यांनी चुकते. मग जोडओंडक्याच्या मापावरून आऱ्याने कापणी ठरवली, तर काय होईल ते सांगायला नको. चेनवर ओंडका उड्या मारत असेल, तर महागातला महाग स्कॅनरही त्या उड्याच मोजतो.

ओंडके सुटे करायला बहुतेक ठिकाणी स्टेप फीडर वापरतात. त्यात एक पायरी स्थिर आणि एक वरखाली होणारी, अशी रचना असते. हलती पायरी ओंडका उचलते, तो घरंगळत पुढच्या स्थिर पायरीवर जातो, आणि जो नीट बसला नाही तो मागे पडतो. सगळी मेख पायरीच्या खोलीत आहे. पायरी सपाट आणि ओंडका सरळ धरला, तर ओंडक्याचा मध्य मागच्या भिंतीपासून अर्ध्या व्यासावर येतो. पायरी त्याहून अरुंद असेल, तर जाड ओंडका टिकणारच नाही. उलट बाजूने, बारीक ओंडके शेजारी शेजारी बसले, तर दुसऱ्याचा मध्य भिंतीपासून दीडपट व्यासावर असतो. पायरी त्याहून खोल असेल, तर दोन्ही ओंडके एकदम वर येतील. म्हणजे पायरीची खोली सर्वांत जाड ओंडक्याच्या निम्म्या व्यासापेक्षा जास्त हवी आणि सर्वांत बारीक ओंडक्याच्या दीडपटीपेक्षा कमी.

आता आकडे घाला. माल १५ ते ४० सेंटिमीटरचा असेल, तर खोली २० पेक्षा जास्त आणि २२.५ पेक्षा कमी हवी. हे जमते, पण काठावर. माल १२ ते ६० सेंटिमीटरचा असेल, तर एकीकडे ३० पेक्षा जास्त हवे आणि दुसरीकडे १८ पेक्षा कमी. अशी पायरी निघूच शकत नाही. जाडातला जाड ओंडका बारकातल्या बारीक ओंडक्याच्या तिपटीला पोहोचला, की एका मापाच्या पायरीने काम भागत नाही. अशा वेळी आवारातच जाड-बारीक वेगळे करून पाळीपाळीने द्या, नाही तर खोली बदलता येईल असा फीडर घ्या. पायरीला आतल्या बाजूला थोडा उतार दिला, की जाड ओंडका जास्त चांगला टिकतो, पण बारीक जोडीलाही तोच आसरा मिळतो. वाकडे ओंडके यातला कुठलाच हिशोब पाळत नाहीत, म्हणून फीडरच्या शेवटच्या टप्प्यावर एक माणूस किंवा कॅमेरा आणि जोडी परत मागे लोटणारा हात ठेवावा लागतो.

वेग वाढवण्याआधी रिकाम्या जागा मोजा. ओंडका ४.८ मीटर आणि मधले अंतर ०.७ मीटर धरले, तर एका ओंडक्यामागे ५.५ मीटर चेन जाते. चेन मिनिटाला ६० मीटर चालत असेल, तर मिनिटाला जेमतेम ११ ओंडके. त्यात फीडरची पाचातली एक खेप रिकामी गेली, तर उरतात ९ पेक्षा कमी. ती एक खेप भरून निघाली तर मोटरला हात न लावता उत्पादन चौथाईने वाढते.

प्रश्न : लांबी मोजायला चेनच्या शाफ्टवर फेरे मोजणारा एन्कोडर आणि पुढे किरण अडला की ओंडका ओळखणारा फोटोसेन्सर आहे. बसवला तेव्हा माप बिनचूक होते. आता ४.८० मीटरचा ओंडका ४.७२ दाखवतो. एन्कोडर बदलला, फरक पडला नाही.

उत्तर : पडणार नाही. एन्कोडर खरे सांगतो आहे, चेन बदलली आहे. १० दातांचे स्प्रॉकेट (चेन ओढणारे दातेरी चाक) आणि १०० मिलिमीटर पिचची (लगतच्या दोन पिनांमधले अंतर) चेन असेल, तर एका फेऱ्यात चेन १ मीटर सरकते आणि प्रोग्रॅममध्ये तेवढेच लिहिलेले असते. वापराने पिन आणि बुश झिजतात. झिजलेली पिन काढून बोट फिरवले, तर एका बाजूला चक्क पायरी लागते. प्रत्येक कडीत मिळून १.७ मिलिमीटरची ढिलाई आली, की पिच १०१.७ होते. दात तेवढेच राहतात, पण एका फेऱ्यात चेन १०१७ मिलिमीटर सरकते. ४.८० ला १.०१७ ने भागा, बरोबर ४.७२ येते. तुमची चेन १.७ टक्के लांबलेली आहे.

खात्री करायची असेल, तर चेन ताणात असताना २० कड्यांची लांबी टेपने मोजा. नवी असताना २००० मिलिमीटर होती, आता २०३४ च्या आसपास भरेल. तोवर प्रोग्रॅममधला आकडा दुरुस्त करून काम चालवता येईल. लांबी ३ टक्क्यांवर गेली, की मात्र चेन आणि स्प्रॉकेट दोन्ही एकदम बदला. जुन्या दातांवर नवी चेन घातली, तर ती लवकरच जुनी होते.

यात एक ओळखीची खूण आहे, ती लक्षात ठेवा. चूक दर वेळी एकाच बाजूला आणि साधारण तेवढीच येत असेल, तर दोष झिजेचा किंवा आकड्याचा. चूक कधी कमी, कधी जास्त, कधी शून्य अशी येत असेल, तर ओंडका चेनवर घसरतो आहे, एन्कोडरच्या कपलिंगचा स्क्रू ढिला आहे किंवा सेन्सर डगमगतो आहे. हे ओळखायला ओंडका वापरू नका. ४ मीटरचा सरळ पाइप माप नोंदवून ठेवा, आठवड्यातून एकदा तो चेनवरून पाच वेळा सोडा आणि पाचही आकडे वहीत लिहा. वहीतले सहा महिन्यांचे आकडे समोर असले, की चेन केव्हा मागवायची हे विचारावे लागत नाही.

प्रश्न : फोटोसेन्सर कधी दोन ओंडके एक मोजतो, कधी एकाचे दोन करतो. काच रोज पुसतो.

उत्तर : या दोन वेगळ्या तक्रारी आहेत आणि त्यांची कारणेही वेगळी आहेत.

दोनाचा एक होण्यामागे बहुधा साल असते. ओंडक्याच्या बुडख्याकडून सुटलेली सालीची पट्टी, वीतभर ते हातभर, मागे लोंबत येते. ओंडका पुढे निघून जातो, ही पट्टी किरणाच्या आड हेलकावत राहते आणि तेवढ्यात मागच्या ओंडक्याचे तोंड येऊन पोहोचते. सेन्सरला मधली फट दिसतच नाही. फोटोसेन्सरच्या अलीकडे लोंबती साल खरवडणारा ब्रश किंवा जाड रबराची झालर लावा, आणि दोन किरण वेगवेगळ्या उंचीवर ठेवा. लोंबणारी पट्टी बहुतेक वेळा खालच्या किरणातच राहते. म्हणून वरचा किरण मोकळा होऊन चेनने ठरावीक अंतर कापले, की ओंडका संपला असे धरता येते.

एकाचे दोन होतात ते वाकड्या ओंडक्यामुळे. कमानीसारखा ओंडका पाठ वर करून आला, की मधला भाग चेनपासून उचललेला असतो आणि आडवा, खालच्या उंचीवरचा किरण त्याच्या पोटाखालून पार जातो. किरण तिरका मारा, एका बाजूला चेनच्या पातळीजवळून दुसऱ्या बाजूला वरपर्यंत. किंवा अनेक किरणांचा लाइट कर्टन लावा. एकही किरण अडला तरी ओंडका आहे, असा नियम ठेवा; फक्त खालचाच किरण अडलेला राहिला, तर वर सांगितलेला सालीचा नियम लावा.

सेन्सरला विलंब देऊन हा गोंधळ झाकायची सवय अनेक ठिकाणी दिसते. चेन सेकंदाला १ मीटर असेल, तर ३० मिलिसेकंदांचा विलंब म्हणजे ३० मिलिमीटर. तेवढा चालतो. ३०० मिलिसेकंद दिले, तर ३० सेंटिमीटरपेक्षा कमी फट कधीच दिसणार नाही. सेन्सर शक्यतो समोरासमोरचा, म्हणजे एकीकडे प्रकाश देणारा आणि दुसरीकडे घेणारा, असाच घ्या. ओल्या काळ्या सालीवरून परत येणाऱ्या प्रकाशावर विसंबू नका. काच पुसण्याऐवजी तिच्यासमोर पाइपचा वीतभर तुकडा लावून त्यात स्वच्छ, कोरड्या हवेची बारीक फुंकर चालू ठेवा. भुसा आत शिरत नाही.

प्रश्न : व्यासाप्रमाणे ओंडके कप्प्यांत टाकणारी लाइन आहे. एखादा ओंडका चुकला की पुढचे सगळे चुकीच्या कप्प्यात जातात.

उत्तर : तुमचा प्रोग्रॅम ओंडके मोजतो आहे, त्यांची जागा मोजत नाही. रांगेतला पाचवा ओंडका कोणी हाताने उतरवला, तर सहाव्याला पाचव्याचा कप्पा मिळतो आणि तो गोंधळ रांग रिकामी होईपर्यंत चालतो. प्रत्येक ओंडक्याची नोंद एन्कोडरच्या आकड्याला बांधा. अमुक नोंदीचा ओंडका चेनवर अमुक मिलिमीटरवर आहे, असे. दर तीन-चार कप्प्यांनी पडताळणीचा सेन्सर ठेवा. अपेक्षित जागेच्या पुढेमागे २० सेंटिमीटरमध्ये ओंडका दिसला नाही, तर ती नोंद खोडा. नोंद नसलेला ओंडका दिसला, तर त्याला शेवटच्या कप्प्यात जाऊ द्या. नोंदीशिवाय किकर, म्हणजे ओंडका कप्प्यात ढकलणारा हात, मारायचाच नाही.

किकरला आगाऊ वेळ द्यायला विसरू नका. वाल्व उघडून हात ओंडक्याला टेकेपर्यंत ०.३ सेकंद लागत असतील आणि चेन सेकंदाला १ मीटर असेल, तर आदेश ३० सेंटिमीटर आधी जायला हवा. हायड्रॉलिक तेल थंड असताना हाच वेळ वाढतो. फक्त सकाळच्या पहिल्या तासात ओंडके तिरके पडत असतील, तर कारण तिथे शोधा.

प्रश्न : २० मीटरच्या चेन कन्व्हेयरची ७.५ किलोवॉटची मोटर भरल्या चेनवर सुरू होताना ट्रिप होते. ओव्हरलोड रिले थोडा वर सरकवू का?

उत्तर : रिले सरकवू नका, तो मोटर वाचवतो आहे. आधी वजन मांडा. ४० सेंटिमीटर व्यासाचा, ५ मीटरचा ओंडका ०.६३ घनमीटर होतो. ओले लाकूड घनमीटरला ९०० किलो धरले, तर सुमारे ५६५ किलो. २० मीटरवर असे चार, म्हणजे साधारण २३०० किलो. जाती-येती मिळून ४० मीटर चेन, मीटरला २५ किलोप्रमाणे १००० किलो. एकूण ३३०० किलो. पोलादी पट्टीवर घसरणाऱ्या चेनचे घर्षण ०.३ धरले, तर ओढ ९.७ किलोन्यूटन येते. वेग सेकंदाला अर्धा मीटर असेल, तर ४.९ किलोवॉट, गिअरबॉक्सची घट धरून ५.७, आणि भरल्या चेनने सुरुवात करायला दीडपट घेतले तर ८.६. म्हणजे या मालाला पुढची, ११ किलोवॉटची मोटर लागते. तुमचा माल २५-३० सेंटिमीटरचा असेल, तर ७.५ पुरायला हवी, आणि मग दोष दुसरीकडे आहे.

तो शोधायला चेन रिकामी चालवून करंट बघा. महिन्याभरापूर्वीपेक्षा रिकाम्या चेनचा करंटच वाढला असेल, तर चेनखालच्या खोबणीत साल आणि भुसा दाबून बसला आहे, चेन ताणून धरणारा मागचा टेन्शनर गरजेपेक्षा जास्त आवळला आहे किंवा एखादे बेअरिंग जाम होत आहे. ओल्या सालीचा चिखल रात्रभरात वाळला, की तो चेनला धरून ठेवतो. व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारे उपकरण) असेल, तर सुरुवात ३ ते ४ सेकंदांत हळू करा. आणि मोटर चालू आहे यावर समाधान मानू नका, मागच्या शाफ्टवर वेग बघणारा सेन्सर लावा. शिअर पिन, म्हणजे जादा भार आला की मुद्दाम तुटणारी पिन, तुटली, की मोटर मजेत फिरते आणि चेन जागेवर उभी राहते.

प्रश्न : साल काढल्यानंतरचा ओंडका चढाच्या कन्व्हेयरवर मागे घसरतो.

उत्तर : सोललेल्या ओल्या ओंडक्याचे घर्षण ०.२ धरले, तर तो ११ अंशांच्या चढावर घसरायला लागतो. त्यात चेन झटक्यात सुरू झाली, तर सेकंदाला अर्धा मीटर प्रतिसेकंद एवढ्या वेगवाढीतही जवळपास ३ अंश खर्च होतात. म्हणजे हाताशी राहतात ८. चढ त्याहून जास्त असेल, तर चेनला दातेरी कड्या लावा. नवी मांडणी करत असाल, तर डीबार्कर, म्हणजे साल काढणारे यंत्र, चढाच्या वर ठेवा, म्हणजे चढताना ओंडक्याच्या अंगावर साल असेल.

प्रश्न : ओंडके आडवे अडकले की कामगार लाल बटण दाबून डेकवर चढतो आणि पहारीने सोडवतो. प्रत्येक वेळी मेन स्विच बंद करत बसलो तर दिवस जाईल. लाल बटण पुरेसे नाही का?

उत्तर : पुरेसे नाही, आणि हे कृपा करून आजच बंद करा. लाल बटण धोका दिसल्यावर यंत्र थांबवण्यासाठी असते, माणूस आत शिरण्यासाठी नसते. ते कोणीही परत ओढू शकतो. अनेक ठिकाणी ते एकाच भागापुरते असते, शेजारची चेन चालूच राहते.

त्याहूनही फसवा प्रकार म्हणजे कोणीच बटण न दाबता उभे राहिलेले यंत्र. ओंडका अडकला, फोटोसेन्सर झाकला गेला, म्हणून फीडर थांबला. बघणाऱ्याला ते बंद वाटते. प्रत्यक्षात ते सेन्सर मोकळा होण्याची वाट बघत असते. माणूस पहार लावतो, ओंडका हलतो, सेन्सर मोकळा होतो आणि त्याच क्षणी पायरी वर उचलली जाते. पाय कुठे असेल, याचा विचार करा.

वीज बंद केली तरी दोन गोष्टी शिल्लक राहतात. एक, हायड्रॉलिकचा दाब. पंप थांबला तरी अॅक्युम्युलेटरमध्ये तो साठलेला असतो. ८० मिलिमीटर बोअरचा सिलिंडर १५० बारवर ७५ किलोन्यूटन रेटतो, म्हणजे साडेसात टनांहून जास्त. दोन, वर अडकलेल्या ओंडक्यांचे वजन. त्याला स्विच नाही.

म्हणून क्रम असा ठेवा. त्या भागाचा आयसोलेटर, म्हणजे वीज पूर्ण तोडणारा स्विच, बंद करून कामगाराने त्यावर स्वतःचे कुलूप लावायचे आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची. दोघे चढणार असतील, तर दोन कुलपे. मग दाब सोडायचा वाल्व उघडून गेज शून्यावर आलेले डोळ्यांनी बघायचे. उचललेल्या पायरीखाली लोखंडी पिन घालायची. शेवटी स्टार्ट बटण दाबून काही हलत नाही याची खात्री करायची. ओंडके नेहमी वरच्या अंगाने सोडवायचे, खालच्या बाजूला कोणीही उभे राहायचे नाही, आणि शक्य तिथे पहारीऐवजी क्रेनचा पंजा वापरायचा.

वेळ जातो ही तक्रार खरी आहे. तिच्यावर उपाय म्हणजे आयसोलेटर आणि दाब सोडायचा वाल्व डेकच्या पायरीजवळ आणणे. ते लांबच्या पॅनेलरूममध्ये असतील, तर माणूस टाळणारच. कठड्याच्या दाराला इंटरलॉक लावा. दार उघडले, की त्या भागाची वीज आणि तेल दोन्ही तुटले पाहिजे, आणि दार लावल्यावर यंत्र आपणहून सुरू होता कामा नये. बाहेर उभे राहून, सगळा डेक दिसेल अशा जागेवरून रिसेट दाबल्यावरच सुरू व्हावे. इंटरलॉक लावला तरी आत चढताना कुलूप लावायचेच. शिवाय प्रत्येक अडकण्याची नोंद ठेवा, कुठे आणि कशामुळे. एकाच जागी वारंवार अडकत असेल, तर तिथला कोपरा, वेल्डिंगची उंच कड किंवा दोन चेनच्या वेगातला फरक दुरुस्त करायला हवा.

प्रश्न : मेटल डिटेक्टर लाकडात खिळा नसतानाही सारखा थांबवतो.

उत्तर : डिटेक्टरच्या कॉइलमधून जाणारा पट्टा बघा. पोलादी चेन कॉइलमधून नेता येत नाही, म्हणून तिथे रबरी पट्टा असतो, पण त्याचा जोड लोखंडी क्लिपांचा असेल, तर प्रत्येक फेऱ्याला डिटेक्टर तोच जोड पकडतो. थांबण्यांच्या वेळा लिहा. पट्ट्याच्या एका फेऱ्याइतके अंतर त्यांच्यात निघाले, तर कारण सापडले. जोड व्हल्कनाइज करून, म्हणजे क्लिपांऐवजी उष्णतेने रबर एकजीव करून, घ्या. वेळा अनियमित असतील, तर कॉइलजवळचे कंप पावणारे पत्रे, ढिले बोल्ट आणि शेजारून गेलेली व्हीएफडीची केबल तपासा. कॉइलच्या दोन्ही बाजूंना उत्पादकाने सांगितलेले धातुमुक्त अंतर खरोखर मोकळे आहे का, हेही मोजा. संवेदनशीलता कमी करणे हा शेवटचा उपाय. ती कमी केली, तर ज्या मापाचा खिळा पकडायचा आहे तो लाकडात ठोकून, पट्ट्याच्या मधून आणि दोन्ही कडांवरून सोडून, तो सापडतो का हे त्याच दिवशी बघून घ्या.